बसली की विझली

त्याच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला केस नव्हते. एकतीस वर्षांत ते इतक्यांदा होरपळले होते की शेवटी त्यांनी उगवायचंच सोडून दिलं. डावा हात चारचौघांसारखा. उजवा मात्र मनगटापासून पेरांपर्यंत गुळगुळीत आणि तांबूस, नुकत्याच भरलेल्या जखमेसारखा.

राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेकडच्या चौकीवर तो वनरक्षक होता आणि सगळे त्याला थंडोबा म्हणत. वणवा आटोक्यात आला, ज्वाळा दिसेनाशा झाल्या, की बाकीची माणसं पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावून जागच्या जागी आडवी व्हायची. हा तेव्हा उठायचा. एकेका जळक्या खुंटापाशी, एकेका ओंडक्यापाशी जायचा, वाकायचा आणि पालथा हात राखेत घालायचा. तळवा कधीच नाही. तळव्याची कातडी कामाने मेलेली असते, तिला धग उशिरा कळते. पालथ्या हाताला लगेच कळते. सगळीकडे हात लावून झाला की तो सरळ उभा राहायचा आणि म्हणायचा, "थंड." तेव्हा कुठे गाडी निघायची. काळ्या तोंडाने आणि रिकाम्या पोटाने गाडीत ताटकळलेल्या लोकांनी त्याला थंडोबा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

नोकरी धरली तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. माणसांशी फारसं बोलावं लागणार नाही, एवढ्याच आशेवर तो आला होता. झाडं असतील, जनावरं असतील, आपण असू. प्रत्यक्षात जंगलात भेटली ती माणसंच. वाट चुकलेली, पिऊन पडलेली, दगडावरून घसरलेली, भांडून दोन दिशांना निघून गेलेली आणि मग एकमेकांच्या नावाने हाका मारत बसलेली. जनावरांसाठी तारेचे फासे लावणारी. चोरून झाडं कापणारी. एकतीस वर्षांत त्याने अकरा प्रेतं उचलली. त्यातली तीन मरण्यासाठीच आलेल्यांची. त्यांच्या गाड्या झाडाखाली नीट उभ्या केलेल्या असायच्या, दारांना कुलूप लावलेलं असायचं. प्रेतं तो विसरला. ती कुलपं विसरला नाही.

चौकीच्या खाली, उतारावर, त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. आतल्या खोलीत तो आणि बायको, बाहेरच्या खोलीत बायकोचा भाऊ. आई गेली तेव्हा हा भाऊ सहा वर्षांचा होता आणि बहीण सोळा. तिने त्याला वाढवला, आणि लग्न करून आली ती त्याला बरोबर घेऊनच आली. पुढे तिला मूल झालं नाही. "माझी हौस आधीच फिटली होती," असं ती हसत म्हणायची आणि त्याच्या ताटात आणखी वाढायची. घरात तो धाकटा होता, म्हणून चौकीवरही धाकटाच झाला. बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, पाण्याचा टँकर चालवणारा धाकटा. टँकरला तो हत्तीण म्हणायचा. सुरू होत नसली की तिच्या नाकाडावर थोपटत म्हणायचा, "उठ गं बाई, पाहुणे जळतायत."

थंडोबा नाकासमोर चालणारा आणि धाकटा तोंडाचा फाटका. दोघांचं कसं जमायचं याचं लोकांना नवल वाटे. जमायचं ते असं की धाकटा बोलायचा आणि थंडोबाला त्यामुळे बोलावं लागायचं नाही.

या चौकीवर आगीसाठी दोन शब्द होते. छापील नियमांत लांबलचक वाक्यं होती, पण धुरात उभं राहून लांबलचक वाक्य कुणी बोलत नाही. ज्वाळा खाली आल्या, धूर पातळ झाला, वरून सगळं शांत दिसायला लागलं, की आग बसली. बसलेली आग कधीही उठू शकते, म्हणून बसलेल्या आगीपाशी एक तरी माणूस थांबलाच पाहिजे. आणि इंच न् इंच हात लावून झाला, सगळं थंड लागलं, की विझली. विझली म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. शब्द दोन, पण त्यांच्यामध्ये कधी तीन तास असायचे, कधी तीन दिवस.

हे शब्द ऐकणारी आणि लिहिणारी होती ताई. वायरलेसच्या खोलीत वीस वर्षं ती एकाच खुर्चीवर बसली होती. खोलीला एक खिडकी होती, तीही गाड्यांच्या शेडच्या भिंतीकडे उघडणारी. म्हणजे अख्खं उद्यान तिने कानांनीच पाहिलं होतं. जे कानावर येईल ते ती वेळ घालून वहीत उतरवायची आणि प्रत्येक आगीच्या शेवटी तोच प्रश्न विचारायची, "बसली की विझली?" तिच्या आवाजात कधी घाई नसायची.

त्या मंगळवारी सहलीला आलेल्या कुणीतरी चूल तशीच सोडली होती. आग फार मोठी नव्हती, दोनेक एकर गवत आणि जुनी तोड झालेल्या झाडांचे पंधरा खुंट. थंडोबा आणि धाकटा दोघेच गेले, कारण दुसरी गाडी उद्यानाच्या पार पश्चिमेला गुंतली होती. त्यांनी कडेने गवत खरवडून मातीचा पट्टा काढला. आगीला ओलांडता येऊ नये म्हणून काढतात ती जाळरेषा. दुपारपर्यंत ज्वाळा संपल्या. थंडोबाने हात लावायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौदा खुंट झाले. पंधरावा चढावर होता, चाळीस पावलांवर, जाळरेषेला अगदी लागून.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"थंडोबा, घळीत एक बाई पडलीय," ताई म्हणाली. "नवऱ्याचा फोन होता. कपारीवर अडकलीय, शुद्धीवर आहे, पाय मोडलाय. खाली सरकतेय म्हणतो. दोर तुझ्याच गाडीत आहे ना?"

"आहे."

"दुसऱ्या गाडीला यायला दोन तास. आगीचं काय?"

"बसली."

ताई लिहीत असावी. मग म्हणाली, "बसली, तर कुणीतरी थांबायला हवं. आणि दोर धरायला दोघं लागतील. बसली की विझली?"

थंडोबाने उत्तर द्यायला बटण दाबलं आणि चढाकडे पाहिलं. पंधरावा खुंट काळा, ओला, गप्प उभा होता. पाण्याची नळी गुंडाळता गुंडाळता धाकटा ओरडला, "भाऊजी, त्याच्यावर मी अर्धी हत्तीण रिकामी केलीय! त्याला आता आगीची नाही, सर्दीची भीती. चला! ती बाई गेली म्हणजे?"

बटण अजून दाबलेलंच होतं. "विझली," तो म्हणाला.

बाई वाचली. कपारीवरून ती खरंच सरकत होती, आणखी वीस मिनिटं गेली असती तर काही उरलं नसतं. धाकट्याने वरून दोर धरला आणि थंडोबा खाली उतरला. वर येईस्तोवर ती त्याच्या मानेला मिठी मारून सारखं एकच विचारत होती, "माझा एक बूट कुठाय?" चार दिवसांनी तिचं पत्र आलं. ते चौकीच्या फळ्यावर टाचणीने लावलं गेलं. त्याखाली धाकट्याने पेन्सिलीने लिहिलं, "बूट अजून सापडला नाही. शोध चालू."

नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, वारा सुटला आणि त्याच चढावरून धूर आला.

या खेपेला दोनेक एकर नव्हते. दुपारपर्यंत सगळा पूर्व उतार पेटला होता. वाऱ्याने दोनदा दिशा बदलली. धाकटा हत्तीण घेऊन खालच्या कच्च्या रस्त्यावर होता. ताईने त्याला तीनदा सांगितलं, टँकर सोड आणि ओढ्याकडे पळ. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाईमाणसाला असं टाकून पळू होय?" आणि हसला. ताईने ते वहीत लिहिलं, कारण ती ऐकलेलं सगळंच लिहायची. त्यानंतर त्याच्याकडून काही आलं नाही. संध्याकाळी टँकर सापडला, मागचं चाक चरात अडकलेला. तो टँकरपासून तीस पावलांवर होता. तेवढंच पळता आलं होतं.

थंडोबाला हे कळलं तेव्हा तो ओढ्यात होता आणि त्याच्या हातात एका माणसाची कॉलर होती. ओढ्यापलीकडून वाकून निसटू पाहणारा तो माणूस चौकीच्या चांगल्या ओळखीचा होता. फासे लावणारा. वर्षातून दोनदा तरी पकडला जायचा, म्हणून त्याला सगळे पाहुणा म्हणत. "पाहुणे आले, चहा टाका," असं म्हणून धाकटाच त्याला कोठडीत घालायचा. पाहुण्याच्या पिशवीत तारेचे सात फासे निघाले आणि खिशात काडेपेटी. आग जिथून उठली, तिथून तो हाकेच्या अंतरावर सापडला होता.

कुणी काही जोडायची गरजच उरली नाही. सगळं आपणहून जोडलं गेलं. जनावरं फाशांकडे पळवायला याने गवत पेटवलं असणार. थंडोबाने त्याच संध्याकाळी जबानी दिली. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. पाहुणा तिथे होता. काडेपेटी होती. पळत होता.

शनिवारी साहेबांबरोबर तो जळलेला उतार बघायला गेला. साहेब म्हणजे उद्यानाचे अधिकारी, वाईट माणूस नव्हे. दोन रात्री झोपले नव्हते आणि त्यांना हा कागद संपवायचा होता. जमीन काळी होती आणि पायाखाली मऊ. चालताना आवाज होत नव्हता. आग उठली त्या जागी येऊन साहेब वहीत काही लिहू लागले.

थंडोबा दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. पंधरावा खुंट नव्हता. त्याच्या जागी एक खड्डा होता आणि खड्ड्यातून पाच भोकं जमिनीच्या आत गेलेली. खुंटाची मुळं जळून गेली होती आणि जिथे मुळं होती तिथे पोकळ्या राहिल्या होत्या, मातीत रुतलेल्या एखाद्या प्रचंड हाताच्या बोटांसारख्या. एक बोट जाळरेषेच्या खालून पलीकडे गेलं होतं. तिकडे, कोरड्या गवतात, जमीन फुटली होती.

तो बघत राहिला. वरून अर्धी हत्तीण ओतली होती. खाली मुळात विस्तव बसला होता. नऊ दिवस तो एकेक वीत सरकत होता. त्या नऊ दिवसांत आपण जेवलो, झोपलो, धाकट्याबरोबर पत्ते खेळलो. पालथा हात एकदा, फक्त एकदा, त्या खुंटाच्या पायाशी घातला असता तर.

"काय आहे तिकडे?" साहेबांनी विचारलं.

"खुंट होता," थंडोबा म्हणाला.

"बरं." साहेबांनी वही मिटली.

थंडोबाने बूट हलवला. त्याने मुद्दाम काही केलं असं कुणाला म्हणता आलं नसतं. नुसता पाय बदलला, आणि जाळरेषेखालून गेलेल्या त्या बोटाच्या तोंडावर माती ढासळली.

घरी बायको रोज एकच विचारायची. वाढताना, पाणी देताना, दार लावताना. "कबूल केलं का त्याने?"

"नाही अजून."

"सोडणार नाहीत ना त्याला?"

"सोमवारी शहरात नेणार आहेत. कोर्टात."

"मग ठीक." ती एवढंच म्हणायची. ती रडली नव्हती. धाकट्याची खाट रोज झाडायची, त्याची उशी बडवायची, आणि कोर्ट, सोमवार, शिक्षा हे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायची. तिचा सगळा जीव त्या एका माणसाच्या शिक्षेला टांगलेला होता. ती शिक्षा काढून घेतली तर ती कशाला धरून उभी राहील, हे थंडोबाला दिसत नव्हतं.

रविवारी सकाळी तो कोठडीपाशी गेला. कोठडी म्हणजे अवजारांच्या गोदामातली एक खोली, जाळीचं दार असलेली. पाहुणा भिंतीला टेकून बसला होता. त्याचा ओठ सुजला होता. तो ओठ ओढ्यात थंडोबानेच फोडला होता.

थंडोबाने जाळीखालून पाणी सरकवलं.

"आज चहा नाही?" पाहुणा म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की चहाची चेष्टा करणारा आता नाही. तो ओशाळला. "चांगला माणूस होता तुझा मेहुणा. शिव्या द्यायचा, पण हात नाही उचलला कधी."

थंडोबाने भांडं आणखी आत ढकललं.

"मी नाही लावली आग."

"माहीत आहे," असं थंडोबाच्या तोंडून निघून गेलं.

पाहुणा सावकाश पुढे सरकला. जाळीला नाक लावून त्याच्याकडे पाहत राहिला. "म्हणजे तुलाही माहीत आहे," तो म्हणाला. "मला वाटलं मला एकट्यालाच."

"तुला काय माहीत?"

"त्या मंगळवारी मी वर कड्यावर होतो. माझे फासे खाली, आणि तुम्ही दोघं मध्येच. कधी जाता म्हणून वाट बघत पडलो होतो. काम काय दुसरं? तुझं वाकणं मोजत होतो. चौदा वेळा वाकलास. पंधराव्याला नाही वाकलास." तो थांबला. "मला बरंच वाटलं. म्हटलं, आज लवकर सुटलो."

"पुढे?"

"पुढे चार दिवसांनी पहाटे आलो तर त्या खुंटापाशी जमीन कोमट. थंडी मरणाची. मी बूट काढून पाय शेकले तिथे."

थंडोबाने जाळी धरली. "आणि सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? तुला?" पाहुणा हसायला गेला आणि ओठ धरून थांबला. "काय म्हणून? नमस्कार साहेब, मी फासे बघायला आलो होतो, तुमची जमीन गरम लागतेय, जरा बघा म्हणून?"

बाहेर कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला.

"साहेबांना सांगितलंस हे?"

"सांगितलं ना. परवाच. म्हणाले, चोवीस तास विचार करून एवढंच सुचलं का? थंडोबाने हात लावला नाही म्हणे! हसले बिचारे. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले असतील." पाहुण्याने पाण्याचं भांडं उचललं. "तुझं नावच तसं आहे. माझंही माझ्या लायकीचं आहे."

थंडोबा तिथून वायरलेसच्या खोलीत गेला. ताईने खुर्ची फिरवली नाही. समोरची वही मात्र मागे उलटली आणि पान सापडल्यावर त्याच्याकडे सरकवली. मंगळवार. एक चाळीस, बसली. एक एकेचाळीस, विझली.

"एका मिनिटात," तो म्हणाला.

"हो."

"तू कुणाला दाखवलं नाहीस."

"मी ऐकते ते लिहिते. वाचायचं काम दुसऱ्यांचं. कुणी वाचत नाही." ती पेनाचं टोपण काढत, लावत राहिली. "मी तुला दुसऱ्यांदा विचारायला नको होतं. तू बसली म्हणाला होतास."

साहेबांच्या खोलीत त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. चौदा खुंट, पंधरावा खुंट, मुळाखालची पोकळी, वर पाडलेली माती. वहीचं पान पुढे ठेवलं. धाकट्याने मारलेली हाक तेवढी सांगितली नाही. साहेबांनी त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं.

"हे मला ऐकायचं होतं असं वाटतं तुला?"

"नाही साहेब."

"निवृत्तीला चार महिने राहिलेत तुझे. त्या बाईचं पत्र मी वर पाठवलंय, तुझ्या नावाची शिफारस करून." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तू गेला नसतास तर ती मेली असती. हे तरी खरं ना?"

"खरं आहे."

"मग?"

"ते खरंच आहे. पण तो आत बसलाय."

साहेबांनी नवा कागद ओढला. मग हात थांबवून विचारलं, "घरी सांगितलंस?"

"नाही."

"आधी घरी सांग. हा कागद उद्या सकाळपर्यंत थांबेल."

"आधी लिहून घ्या, साहेब," थंडोबा म्हणाला. "आधी घरी गेलो तर मी परत येणार नाही."

तो उतारावरून घरी आला तेव्हा दुपार होती. बायको बाहेरच्या खोलीत धाकट्याच्या खाटेवर बसली होती. मांडीवर त्याचे मोजे होते आणि ती त्यातली गवताची कुसळं एकेक करून उपटत होती. उपटलेली कुसळं एका वाटीत ठेवत होती, टाकत नव्हती.

"कबूल केलं?" तिने मान वर न करता विचारलं.

"केलं," तो म्हणाला. "मी केलं."

ती थांबली. त्याने सांगितलं. साहेबांना उभ्याने सांगितलं होतं, इथे तो जमिनीवर बसला. फार शब्द लागले नाहीत. ताईचा प्रश्न तिला माहीत होता. इतक्या वर्षांत त्या घरात दूध उतू गेलं तरी धाकटा तोच प्रश्न विचारायचा.

ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तो माणूस सुटणार."

"आगीतून सुटेल. फाशांचं आहेच."

"अहो, पण तो होता ना त्या दिवशी तुमच्याबरोबर?" तिने मोजा घट्ट धरला होता. "धाकटा. तो होता ना तिथे? तो काही म्हणाला नाही?"

थंडोबाच्या कानात ती हाक होती, हसरी, चढावरून आलेली. त्याला आता आगीची नाही, सर्दीची भीती. ती सांगितली असती तर निम्मं ओझं उतरलं असतं. निम्मं ओझं धाकट्यावर गेलं असतं आणि धाकट्याला आता काही जड होणार नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "तो नळी गुंडाळत होता."

"त्याला माहीतच नव्हतं."

"नव्हतं."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "हात दाखवा." त्याने उजवा हात पुढे केला. तिने तो उलटा केला, त्या गुळगुळीत तांबड्या कातडीकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच. "सगळ्या डोंगराच्या राखेत घातलात," ती म्हणाली. "तिथेच तेवढा नाही." आणि हात त्याच्या मांडीवर परत ठेवला, उसनं आणलेलं भांडं परत करावं तसा. पुन्हा मोजा घेतला आणि कुसळं काढू लागली.

पाहुण्याला सोमवारी शहरात नेलं नाही. फाशांपायी तो सहा आठवडे आत राहिला आणि सुटला. जाताना चौकीसमोरून गेला, पण आत वळला नाही. तेव्हापासून तो पुन्हा सापडलेला नाही. फासे मात्र अधूनमधून सापडतात. बाईचं पत्र फळ्यावरून कुणीतरी काढलं. पेन्सिलीची ओळ पत्रावरच होती, तीही गेली.

थंडोबाचं रानातलं काम काढून घेतलं आणि उरलेल्या महिन्यांसाठी त्याला खालच्या फाटकावर बसवलं. गाडी आली की दांडा वर करायचा, गेली की खाली. चौकीवर कुणी त्याला थंडोबा म्हणत नाही. कुणी ठरवून सोडलं नाही, नाव आपोआप गळून पडलं. त्याच्या जागी दुसरं नाव आलं नाही.

फाटकावरून घर समोरच दिसतं. बायको घर सोडून गेली नाही. ती कुठे जाणार? ती वेळेवर वाढते, कपडे धुते, दिव्याची वेळ झाली की दिवा लावते. फक्त ती आता बाहेरच्या खोलीत झोपते, धाकट्याच्या खाटेवर. आणि अहो म्हणत नाही. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगते. पाणी तापलंय. पीठ संपलंय. तो भिंतीच्या वतीने उत्तर देतो.

एका दुपारी, रस्ता रिकामा असताना, फाटकावरचा वायरलेस खरखरला.

"फाटक, ऐकू येतंय का?"

"येतंय, ताई. बोल."

"काम काही नाही," ताई म्हणाली. वीस वर्षांत काम नसताना ती वायरलेसवर बोलली नव्हती. "त्या दिवशी मागून आवाज आला होता तुझ्या. चला म्हणाला होता कुणीतरी. ते मी लिहिलं नव्हतं. माझ्याशी बोललेलं नव्हतं ना ते, म्हणून. पण ऐकलं होतं." ती थांबली. "वहिनींना सांगू का मी?"

"नको."

"बरं वाटेल तुला."

"तिच्यापाशी तो एकच आहे, ताई. तो तसाच राहू दे."

खरखर चालू राहिली. त्याने घराकडे पाहिलं. बायको दारातल्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. शेवटी तिने धाकट्याचे मोजे घातले, कुणी वापरत नसताना धुतलेले, आणि चिमटे लावून उगीच तिथेच उभी राहिली.

"घरी कसं आहे?" ताईने विचारलं.

"बसली," तो म्हणाला.

पलीकडून मग तोच आवाज आला, वीस वर्षांचा, घाई नसलेला. "बसली की विझली?"

थंडोबाने बटण दाबलं. ते दाबून धरलं, इतका वेळ की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"बसली," तो म्हणाला. "मी इथे थांबलोय."